बांध की बेडी?

नीती आणि कायदा ही माणसाच्या वागण्याला घातलेली बंधने आहेत, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या परिणामाविषयी. बंधन वाढले की स्वातंत्र्य तेवढे घटते, असे गणित सर्रास मांडले जाते. ते किती खरे आणि किती अपुरे, हे पाण्याच्या व्यवहारात स्पष्ट दिसते. पाणी सर्वांना लागते आणि कोणा एकाच्या हद्दीत राहत नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशीच्या आसपास, वाड्यांना गोडे पाणी देतात त्या विहिरी आणि बावखले. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले तळे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते, पाणी सावकाश जमिनीत मुरते आणि शेजारच्या विहिरींना त्याचा आधार होतो. समुद्र जवळ असल्याने गोड्या पाण्याला लागूनच खारे पाणी असते. गोड्याचा उपसा वाढला की खारे आत सरकते. 1980 च्या दशकात रेल्वेमार्गालगत इमारती झपाट्याने उभ्या राहू लागल्या आणि या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. ‘विहीर ज्याची, पाणी त्याचे’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण विहिरीचा काठ खासगी असला तरी खालचा झरा सामाईक असतो. एकाचा पंप चालला की दुसऱ्याच्या केळीला खारे पाणी येते आणि त्याचे पीक घेण्याचे स्वातंत्र्यच संपते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने उभारलेला लढा या पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी होता. जिथे बंधन नसते तिथे सर्वांना मोकळीक मिळते असे नाही. ज्याचा पंप मोठा, त्यालाच ती मिळते.

आगाशीलगतच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर याची दुसरी बाजू दिसते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच होड्या समुद्रात लोटायच्या, ही कोळीवाड्यांची जुनी रीत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक मासळ्यांचा तो विणीचा हंगाम असतो. रीतीने माणूस आणि मासळी दोघांनाही राखले. यांत्रिक नौका आल्यावर केवळ रीत पुरेना. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. त्याखाली पुढे 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाऊ लागली. या काळात घरात पैसा येत नाही, तरीही बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मागणी मच्छीमार संघटनांनीच वेळोवेळी केली आहे. कारण साधे आहे. सगळे थांबणार याची खात्री असेल, तरच एकट्याला थांबणे परवडते. नीती संयम शिकवते. त्या संयमाचे नुकसान प्रामाणिक माणसाच्या एकट्याच्या पदरी पडू नये, याची हमी कायदा देतो.

मात्र प्रत्येक बंधन असे पोषक नसते. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मज्जाव होता, आणि हा मज्जाव धर्म व नीतीच्या नावाने चाले. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठरले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सत्याग्रहींवर हल्ले झाले. तळ्यावरच्या हक्काचा न्यायालयीन लढा 1937 पर्यंत चालला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. इथे रूढी बेडी होती आणि कायद्याने ती तोडली. पण 1923 ते 1937 हा काळ हेही सांगतो, की समाजाची नीती बदलल्याविना ठराव कागदावरच राहतो.

रूढीची बेडी पाणवठ्यापुरतीच नसते. मासळी राखणारी रीत ज्या गावकीच्या, म्हणजे गावच्या पंचांच्या, धाकाने पाळली जाते, तीच गावकी माणसाला वाळीतही टाकू शकते. त्या घराशी बोलणे बंद, दुकानात सामान नाही, मयताला खांदा नाही. याविरुद्ध महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तो 2017 पासून अमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या उदाहरणांतून बंधन पारखण्याच्या तीन कसोट्या हाती येतात. पहिली, ते बलवान आणि दुबळा या दोघांना सारखेच लागू आहे का? मासेमारीबंदी मोठ्या नौकांना चुकवता आली, तर ती लहान मच्छीमारावर अन्याय करते. दुसरी, ज्यांना ते पाळायचे आहे त्यांना त्यामागचे कारण विचारता येते का? चवदार तळ्यावरच्या मज्जावाला देता येईल असे कारणच नव्हते. तिसरी, चूक आढळल्यास ते बदलण्याचा मार्ग मोकळा आहे का? गावकीच्या बहिष्काराविरुद्ध गावात दाद मागायला जागा नव्हती. ती कायद्याने निर्माण केली.

‘स्वतंत्र’ या शब्दातच ‘तंत्र’ आहे. स्वतंत्र माणसालाही शिस्त असते, पण ती त्याने समजून स्वीकारलेली असते. भातखाचराचा बांध पाणी अडवतो म्हणून रोप तगते. तोच बांध शेजाऱ्याचे पाणी तोडण्यासाठी घातला, तर त्याचे शेत करपते. म्हणून बंधन असावे की नसावे, एवढाच प्रश्न अपुरा आहे. ते कोणी घातले, कोणासाठी घातले आणि त्याचा भार कोण वाहतो, यावरून बांध कोणता आणि बेडी कोणती हे ठरते.