नजरेपलीकडचं आकाश

हे वाचताना घाई करू नका. जमलं तर गच्चीवर, अंगणात किंवा खिडकीशी बसा. आकाशाचा जरा मोठा तुकडा दिसला पाहिजे. तुमच्याकडे ड्रोन असेल तर आज तो बॅगेतच राहू द्या. नसेल तरी काही बिघडत नाही. आज तो मनातल्या मनात उडवायचा आहे, आणि हळूहळू इतका लांब न्यायचा आहे की तो दिसेनासा व्हावा.

आधी एक हात समोर सरळ लांब करा आणि करंगळी उभी धरा. तेवढ्या अंतरावर करंगळीची रुंदी आकाशाचा साधारण एक अंश झाकते. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या निम्मा, म्हणजे अर्धा अंश. ऐकून खरं वाटत नाही, पण करून पाहा. एवढा मोठा वाटणारा चंद्र करंगळीमागे सहज लपतो. हे माप मनात असू द्या, आता ते लागणार आहे.

एक मोकळं रान डोळ्यांसमोर आणा. पीक निघालेलं, माणसांची वर्दळ नसलेलं. संध्याकाळ व्हायला अजून थोडा अवकाश आहे. पायाशी ड्रोन ठेवलाय: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फूटभर, वजनाला पाव किलोच्या आत. पंखे फिरू लागतात, आवाज चढतो आणि तो छातीच्या उंचीला येऊन थांबतो. इथे त्याच्याकडे नीट पाहा. त्याचं तोंड कुठे आहे, मागचा दिवा कुठे आहे, वाऱ्याची झुळूक आली की तो कसा कलतो आणि पुन्हा सावरतो. पुढे न्यायची घाई नाही. एका श्वासापुरता तो तिथेच राहू द्या.

आता त्याला समोर सोडा. तेहतीस मीटरवर तो तुम्हाला पूर्ण चंद्राएवढा रुंद दिसेल. तीनशे तीस मीटरवर चंद्राच्या दहाव्या हिश्शाएवढा. एक किलोमीटरवर तिसाव्या हिश्शाएवढा, म्हणजे अंशाचा साठावा भाग. निरोगी माणसाच्या डोळ्याची क्षमता साधारण तिथे संपते. आकाश स्वच्छ असलं, ऊन मागून येत असलं आणि तुम्हाला नेमकं कुठे बघायचं हे ठाऊक असलं, तरीही.

पण खरी हद्द त्याच्या बरीच आधी लागते, आणि ती चुकवू नये म्हणून इथे सावकाश चालू या. एका ठरावीक अंतरानंतर ठिपका दिसत राहतो, पण त्याचं तोंड कुठे वळलंय ते कळत नाही. तो येतोय की जातोय? उजवीकडे स्टिक ढकलली तर तो माझ्या उजवीकडे जाईल की डावीकडे? मग तुम्ही खात्रीसाठी खाली स्क्रीनकडे बघता. दोनच सेकंद. पुन्हा मान वर करता, तर आकाश तेच आहे आणि ठिपका कुठेच नाही.

इथे थांबा. डोळे मिटायचे असतील तर मिटा. मनात काय येतंय ते पाहा. थोडी धडधड, आणि लगेच पाठोपाठ एक समाधान: स्क्रीन चालू आहे ना! उंची दिसतेय, अंतर दिसतंय, बॅटरी साठ टक्के आहे, चित्र स्वच्छ येतंय. हरवलं तर काहीच नाही. उलट आता कुठे मजा सुरू झाली. डोंगराची धार जवळ येतेय, आणि तिच्यापलीकडे काय आहे हे लहानपणापासून प्रत्येकाला वाटत आलेलं कुतूहल आता भागणार आहे.

त्या कुतूहलाला नावं ठेवू नका. मी तरी ठेवणार नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला पलीकडची बाजू बघावीशी वाटणं ही फार जुनी आणि फार चांगली ओढ आहे. ज्याला ती नाही त्याने हे यंत्र हातात घेऊन तरी काय करायचं? ती ओढ तशीच राहू द्या. तिच्या शेजारी फक्त एक प्रश्न ठेवा: मघाशी डोळ्यांतून नेमकं काय गेलं?

मला वाटतं, ड्रोन गेला हे उत्तर पुरेसं नाही. ड्रोन तर सापडतोय, नकाशावर बाणासारखा दिसतोय. गेलं ते त्याच्या भोवतीचं आकाश. मैदानात उभं राहून तुम्ही ठिपक्याकडे बघत होता तेव्हा ठिपक्याच्या वरचं, मागचं, दोन्ही बाजूंचं आकाशही त्याच नजरेत होतं. लांबून पाती फडफडल्याचा आवाज आला असता, मान वळली असती, हेलिकॉप्टर आणि ड्रोन दोन्ही एकाच चौकटीत दिसले असते आणि हात आपोआप स्टिक खाली ओढता झाला असता. कॅमेऱ्याला हे जमत नाही. त्याला समोरचा ऐंशीएक अंशांचा कोन दिसतो. वर्तुळ तीनशे साठ अंशांचं असतं, आणि त्यावर डोक्यावरचं सगळं छत वेगळं. शिवाय कॅमेऱ्याला कान नाहीत. पतंग उडवणाऱ्याला निदान मांजाची ओढ बोटांत कळते. इथे बोटांना काहीच कळत नाही.

आता एक प्रसंग सावकाश पाहू. तो खरा आहे. २१ सप्टेंबर २०१७, न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे दिवस, त्यामुळे शहरावरच्या उड्डाणांवर तात्पुरते निर्बंध. सूर्य नुकताच बुडालेला. अमेरिकी लष्कराची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं स्टेटन बेटाच्या पूर्वेला पाण्यावरून सुमारे तीनशे फुटांवरून चालली होती. ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर एक हौशी माणूस आपला फँटम ४ ड्रोन उडवत होता. ड्रोन त्याच्यापासून सुमारे चार किलोमीटरवर गेलेला. मघाचं माप आठवा: आपला फूटभराचा ड्रोन एका किलोमीटरवरच डोळ्याच्या हद्दीला पोचला होता. त्या माणसाला आपला ड्रोन दिसणं शक्यच नव्हतं, आणि हेलिकॉप्टरच्या पायलटलाही तोच नियम लागू होता. ताशी अडीचशे किलोमीटरने जाणारं हेलिकॉप्टर एक किलोमीटर चौदा सेकंदांत कापतं. फूटभर रुंदीची वस्तू ओळखू येईपर्यंत त्यातले कितीसे उरणार?

धडक झाली. मुख्य पंख्याच्या पात्याला पोचा पडला, हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं, कोणाला इजा झाली नाही. ड्रोनची एक मोटर हेलिकॉप्टरमध्ये अडकलेली सापडली आणि तिच्यावरच्या क्रमांकावरून तपास त्या माणसापर्यंत पोचला.

मला या घटनेत धडकेपेक्षा किनाऱ्यावरचा तो माणूस जास्त दिसतो. त्याच्या दृष्टीने इतकंच घडलं: चित्र गेलं, सिग्नल गेला. ड्रोन परत येईल म्हणून त्याने वाट पाहिली, मग पाण्यात पडला असेल असं समजून तो घरी गेला. हेलिकॉप्टरला धडक बसली आहे हे त्याला तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्याच्या जागी जरा वेळ उभे राहा. हातात रिमोट, समोर पाणी, अंधार पडतोय, मनात चुटपुट आहे ती फक्त आपल्या महागड्या यंत्राची. लष्कराच्या माणसांना घेऊन चाललेलं हेलिकॉप्टर तुमच्या ड्रोनशी भिडलंय आणि ही गोष्ट तुमच्या जगात घडलेलीच नाही. तो माणूस दुष्ट नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण म्हणून मुद्दाम नजरेपलीकडे केलेलं उड्डाण नोंदवलं, आणि त्याला हातभार लावणारी गोष्ट म्हणून नियमांची अपुरी माहिती.

ड्रोन हलका असला तर काय एवढं, असं मनात येत असेल तर ९ जानेवारी २०२५ ची तारीख घ्या. लॉस एंजेलिसमध्ये पॅलिसेड्सचा वणवा पेटलेला. सांता मोनिकातल्या एका पार्किंगच्या इमारतीच्या छतावरून एकाने आग बघायला ड्रोन पाठवला. अडीच किलोमीटरहून लांब जाताना तो नजरेआड झाला आणि क्वेबेकहून मदतीला आलेल्या, पाणी टाकणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखावर आदळला. पाव किलोच्या आतला ड्रोन, आणि पंखाला तीन इंच गुणिले सहा इंचांचं भोक. दोन माणसांचं ते विमान सुखरूप उतरलं, पण घरं जळत असताना जमिनीवर बसून राहिलं.

नियम काय म्हणतात ते थोडक्यात. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, चारशे फुटांपर्यंत उडवता येतं, आणि माणसं बसलेल्या विमानाला वाट द्यावीच लागते. विमानं सर्वसाधारणपणे पाचशे फुटांच्या खाली येत नाहीत. म्हणजे मध्ये शंभर फुटांची पट्टी. पण रुग्णाला न्यायला आलेलं, आग विझवायला आलेलं, पुरात अडकलेल्यांना शोधणारं हेलिकॉप्टर ती पट्टी ओलांडून खाली येतं. तेच तर त्याचं काम.

मग नजरेपलीकडे कोणीच उडवत नाही का? उडवतात, आणि उडवायलाच हवं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मणिपूरमध्ये बिष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस पोचवली. रस्त्याने सव्वीस किलोमीटर, हवेतून पंधरा. बारा ते पंधरा मिनिटांत काम झालं. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला अशीच लस नऊ-दहा मिनिटांत गेली. या बातम्या वाचताना मला मनापासून आनंद झाला होता, कारण पावसाळ्यात त्या भागातले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना त्या नऊ-दहा मिनिटांची किंमत कळते. मणिपूरच्या उड्डाणाआधी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची परवानगी घेतली होती. डोळा जिथे पोचत नाही तिथे त्याच्या जागी काहीतरी उभं करावं लागतं: आधी दिलेली खबर, ठरलेला मार्ग, दुसऱ्या टोकाला वाट बघणारा माणूस. हौशी उड्डाणात डोळा जातो आणि त्या जागी कोणीच येत नाही.

आणखी एक नजर आहे, खालची. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे आणि बीडसारख्या जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी आल्या. लोक चोरांच्या भीतीने रात्री जागून काढत होते. आकाशात दिवा आहे आणि त्याच्यामागचा माणूस दिसत नाही; अशा वेळी अंगणात झोपलेल्या म्हातारीने काय समजावं? तुम्ही मैदानात उभे असता तेव्हा विचारायला कोणी जवळ येऊ शकतं. ‘कुठला रे तू, काय बघतोस?’ हा प्रश्न विचारता येणं हे तिच्यासाठी मोठं संरक्षण आहे.

आता मनातला तो ड्रोन परत बोलवा. अजून तो डोंगराच्या धारेवर तरंगतोय. धारेपलीकडे गेला असता तर रेडिओही तुटला असता, कारण या लहरींनाही डोंगराच्या आरपार जाता येत नाही. रिटर्न टू होम, म्हणजे आपोआप परत बोलावण्याचं बटण, दाबा. तो ठरवलेल्या उंचीवर चढेल आणि सरळ रेषेत निघेल. वाऱ्याकडे लक्ष द्या. तो सेकंदाला पंधरा मीटर जात असेल आणि वारा आठ मीटरचा पाठीवर असेल, तर अडीच किलोमीटर जायला दोन मिनिटंही लागली नसतील. येताना तोच वारा तोंडावर: सहा मिनिटं. साठ टक्के बॅटरी मघाशी भरपूर वाटली होती. आता प्रत्येक टक्क्याबरोबर श्वास घ्या आणि वाट पाहा. आधी आवाज येईल. मग ठिपका. मग त्याचं तोंड कुठे आहे ते कळेल. तो उतरेपर्यंत नजर हलवू नका.

पुढच्या वेळी खरोखर उडवायला जाल तेव्हा एकाला बरोबर न्या. भाऊ, मैत्रीण, शेजारचा पोरगा, कोणीही चालेल, फक्त नजर चांगली हवी आणि गप्पा मारत बसणारा नको. अमेरिकेचा कायदाही हौशी पायलटला अशा सोबत्याची मुभा देतो, पण तो शेजारीच उभा हवा, हाकेच्या अंतरावर. त्याला सांगा की नुसत्या ड्रोनकडे पाहू नको, त्याच्या आजूबाजूला पाहा, आणि आवाज आला की दिशा सांग. ठिपका दिसेनासा झाला की ‘गेला’ म्हण. त्याने ‘गेला’ म्हटलं की चित्र कितीही सुंदर येत असो, ड्रोन माघारी वळवायचा. ‘खाली’ म्हटलं की वाद न घालता उतरवायचा. हे दोन शब्द बॅटरी बसवण्याआधी ठरवून घ्या.