पंख्याची कुरकुर

मल्लेश्वरम येथील आमच्या घरचा संगणक काही दिवस कुरकुरत होता. त्याला वीज पुरविणाऱ्या पेटीतला पंखा थकला होता. बेअरिंगमधले वंगण सुकले की पाती अडखळतात, उष्णता आत साचते आणि कपॅसिटरांचे आयुष्य घटते.

घरच्या तरुण मंडळींनी निकाल दिला, ‘‘पेटीच टाकून द्या, नवी आणा.’’ हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु जे नीट होऊ शकते ते टाकून देण्याचा अधिकार आम्हांस आहे काय?

टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती केवळ आमच्या नजरेआड होते. पुढे कोणीतरी उघड्या हातांनी ती फोडतो, तांब्यासाठी तारा जाळतो आणि तो धूर छातीत घेतो. आमच्या सोयीची किंमत तो देतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. पण म्हणून आमची जबाबदारी संपते, असे आम्हांस वाटत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. प्लग काढल्यावरही त्या पेटीतील कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टांचा दाब काही काळ राहू शकतो. काटकसरीच्या अभिमानापोटी अजाण हाताने ती उघडणे हा सद्गुण नव्हे, अविवेक होय. टाकताना जसे विचारावे, तसेच दुरुस्त करतानाही विचारावे, की धोका कोणाच्या वाट्याला येणार?

म्हणून आम्ही पेटी एका जाणत्या कारागिराकडे नेली. त्याने त्याच मापाचा बारा व्होल्टांचा पंखा बसविला, हवेची दिशा पूर्वीचीच ठेवली आणि जुना पंखा ई-कचऱ्यासाठी वेगळा काढला. नव्या पेटीची किंमत वाचली; पण अर्धा दिवस गेला. तो वाया गेला, असे आम्ही म्हणणार नाही.

आमच्या जवळच काडू मल्लेश्वराचे देऊळ आहे. व्यंकोजी राजांनी त्या देवस्थानास गाव दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. पण साडेतीनशे वर्षे ज्यांनी तेथे झाडले, सारवले, निखळलेला दगड पुन्हा बसविला, त्यांची नावे कोठेही नाहीत. देवळे दानाने उभी राहतात, टिकतात मात्र निगेने. घरातल्या वस्तूंचेही याहून निराळे नाही.