क्युरींच्या घरातलं १८९७ साल

रेडियमचा शोध अजून लागायचा होता. पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांच्या संसाराला दोनच वर्षं झाली होती. लग्नात आहेर म्हणून आलेल्या पैशांतून घेतलेल्या सायकलींवरून भटकणं हा दोघांचा छंद. १८९७च्या उन्हाळ्यात मेरीला आठवा महिना, तरी स्वारी सायकलवर निघालीच! आपल्याकडे सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.

१२ सप्टेंबरला इरेन जन्मली. बाळंतपण केलं पिएरच्या वडिलांनी. ते डॉक्टर होते. पंधरवडा होतो न होतो तोच पिएरची आई कर्करोगानं गेली. एकटे पडलेले आजोबा पुढे मुलाकडेच राहायला आले आणि इरेन त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. मेरी प्रयोगशाळेत निर्धास्त उभी राहू शकली, त्यात मला तरी या म्हातारबाबांचा वाटा मोठा वाटतो.

त्याच सुमारास पोलादाच्या चुंबकत्वावरच्या कामाचे पैसे मेरीच्या हाती आले. हातातोंडाची गाठ पडण्याचे ते दिवस. तरीही विद्यार्थिदशेत मिळालेली ६०० रूबलची शिष्यवृत्ती तिनं त्यातून परत केली. कुणी मागितली नव्हती. ते पैसे आता दुसऱ्या एखाद्या गरजू मुलीच्या शिक्षणाला लागावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.