बंगला आधी खोपटंच होता

जबलपूरच्या सदरमध्ये संध्याकाळी पायी निघालं, की बाजाराचा गजबजाट एका वळणावर संपतो आणि छावणीचे रुंद, सावलीचे रस्ते सुरू होतात. तिथं अजून काही जुने बंगले उभे आहेत. जाड खांब, भोवती व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर, पुढं ऐसपैस आवार आणि मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्यांची ओळ. पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका बंगल्याच्या छपरावर दोन माणसं कौलं फेरत होती आणि खाली उभी असलेली एक बाई त्यांना एकेक कौल उचलून देत होती. काम संपल्यावर ती हात झटकून आवाराच्या भिंतीपलीकडे, नाल्याच्या काठाकडे निघाली. तिथं तिचं राहतं ठिकाण होतं. बांबूचे खांब, तट्ट्यांच्या भिंती, त्यांना शेणमातीचा गिलावा, वर गवत, गवतावर काळी पन्नी आणि पन्नी वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेले सायकलचे जुने टायर. उंबऱ्याजवळची जमीन सारवलेली होती आणि तिच्यावर पांढऱ्या मातीची बारीक रेघ ओढलेली होती. मी विचारलं, “बाई, घर इधर ही है क्या?” ती म्हणाली, “घर कहाँ भैया, टपरिया है।”

बुंदेलीत झोपडीला टपरिया म्हणतात. आपल्या मराठीत टपरी असते ती चहाची. सारवलेल्या उंबऱ्यापुढं उभी राहून ती बाई त्या जागेला घर म्हणायला तयार नव्हती, हे माझ्या मनातून गेलं नाही. त्याहूनही मोठी गोष्ट घरी आल्यावर ध्यानात आली. दिवसभर ती ज्याच्यावर कौलं चढवत होती, त्या ‘बंगला’ शब्दाचा मूळ अर्थ तिची टपरिया हाच आहे.

बंगला म्हणजे बंगालचं घर. बंगालमध्ये पाऊस उदंड, दगड दुर्मिळ आणि बांबू मुबलक. त्यामुळं तिथल्या शेतकऱ्यानं बांबूची चौकट उभी केली, तट्ट्याच्या भिंती लावल्या आणि वर गवताचं असं छप्पर घातलं, की पाणी क्षणभरही थांबू नये. बांबू वाकवून केलेल्या त्या छपराच्या कडा धनुष्यासारख्या खाली झुकतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या हुगळीच्या वखारीत १६७६ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या गलबतांवरच्या इंग्रज माणसांसाठी निवारे उभारायचं ठरलं, तेव्हा त्या नोंदीत ‘बंगले’ आणि ‘हॉव्हेल’ हे दोन शब्द एकाच वस्तूची दोन नावं म्हणून शेजारी शेजारी आले. हॉव्हेल म्हणजे खोपटं. मध्ययुगीन इंग्रजीत गुरं किंवा अवजारं ठेवायच्या उघड्या छपरीला हा शब्द होता. पुढं तो गरिबाच्या घराला लागला. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश छापला, त्यात ही नोंद जपलेली आहे. इंग्रजांच्या लेखी सतराव्या शतकात बंगला आणि खोपटं यांत फरक नव्हता.

मग फरक पडला कशानं? छप्पर तर तेच होतं. आग्र्याच्या किल्ल्यात खास महालाच्या दोन्ही बाजूंना शाहजहाननं जे मंडप बांधले, त्यांची छपरं त्याच झोपडीसारखी वाकलेली आहेत. फक्त गवताच्या जागी सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आला. अवधचा सुभेदार सआदत खान शरयूकाठी मातीच्या, गवतानं शाकारलेल्या बंगल्यात राहिला, म्हणून फैजाबाद शहरालाच आधी ‘बंगला’ म्हणत. पुढं कंपनीच्या साहेबांनी ती झोपडी घेतली, तिचं जोतं उंच केलं, भोवती व्हरांडा काढला आणि गवत काढून कौलं घातली. १८७० च्या सुमारास इंग्लंडात केंटच्या किनाऱ्यावर श्रीमंतांच्या सुट्टीसाठी ‘बंगलो’ बांधले जाऊ लागले. आज आपल्याकडं बंगला म्हटलं, की आयुष्यभराची कमाई डोळ्यांपुढं येते. शेतकऱ्याच्या खोपटातून निघालेला शब्द साहेबाच्या घोड्यावर बसून परत आला आणि आपण त्याला मुजरा केला.

‘बराक’ची गत अशीच. सदरच्या आसपास जुन्या लष्करी बराकी आहेत, आणि बराक म्हटलं की आपल्याला शिस्त, कवायत, दगडी भिंती आठवतात. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून आला, मुळात तो ‘बार्राका’. स्पेनच्या व्हॅलेन्सियात आजही शेतकऱ्याच्या मातीच्या, गवती छपराच्या घराला बार्राका म्हणतात. महाराष्ट्रात याच शब्दाला तिसरा अर्थ मिळाला. फाळणीनंतर सिंधमधून उघड्यावर आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत ठेवलं. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांनी संसार मांडले. त्याच छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. तिथली माणसं आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे पत्ते सांगतात आणि बराकीचा क्रमांकही त्यात येतो. सैनिकाची बराक निर्वासिताची झाली आणि मूळ अर्थापाशी, उघड्यावरच्या माणसाच्या निवाऱ्यापाशी, परत आली.

आता इंग्रजीतले दुसरे दोन शब्द पाहू. त्यांना असं भाग्य लाभलं नाही. ‘शँटी’ एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत रुळला. तो फ्रेंच ‘शाँतिए’वरून आला असं बहुतेक कोशकार मानतात. शाँतिए म्हणजे कामाची जागा. कॅनडाच्या जंगलात लाकूडतोडे जिथं राबत तिथंच ओंडक्यांचं घर करून राहत, त्याला शँटी म्हणत. म्हणजे या शब्दाच्या पोटात कष्ट आहेत. आपल्याकडं इमारतीच्या बांधकामाजवळ मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या असतात, त्यांना हा शब्द मूळ अर्थानं तंतोतंत लागू होतो. पण लाकूडतोडे विसरले गेले, आणि शँटी म्हणजे फक्त बकाल जागा असा अर्थ उरला.

‘स्लम’चा जन्म तर चोरांच्या बोलीत झाला. जेम्स हार्डी व्हॉक्स नावाचा एक कैदी ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्याची शिक्षा भोगत होता. त्यानं १८१२ साली चोरांच्या भाषेचा छोटासा कोश तयार केला. त्यात स्लम म्हणजे नुसती खोली. लंडनच्या मागच्या गल्ल्यांना हा शब्द कधी चिकटला आणि मग साऱ्या गरीब वस्तीवर कसा पसरला, हे त्या शतकाच्या पूर्वार्धात दिसतं. इथं जबलपूरची आठवण होते. इथल्याच मुक्कामातून ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमननं त्यांच्या सांकेतिक बोलीचा ‘रामासीआना’ हा कोश केला. तो १८३६ साली कलकत्त्यात छापला गेला. तो कोश मात्र कोशातच राहिला. लंडनच्या चोरांचा एक शब्द जगभरच्या सरकारांच्या कायद्यात जाऊन बसला. ज्या शब्दाचा उगमच गुन्हेगारांच्या बोलीत, तो पुढं कोट्यवधी कष्टकऱ्यांच्या घरांचं सरकारी नाव झाला, हे मला फार लागतं.

आपल्या मराठीकडं या जागांसाठी किती शब्द होते! रानातली राखणीची खोप, गवताचं खोपटं, भटक्यांचं पाल, कापडाची राहुटी, काठ्या आणि कारवी विणून, शेणमातीनं लिंपून केलेलं कुडाचं घर. ऋषीची असेल तर पर्णकुटी. आणि छपराच्या भोकांतून चांदणं आत येतं, त्या घराला आपल्या माणसांनी नाव दिलं चंद्रमौळी. हे शब्द घर कशाचं आहे, कोण राहतं, किती दिवस राहतं, हे सांगतात. राहणाऱ्यावर शिक्का मारत नाहीत.

शहरं वाढली आणि ‘झोपडपट्टी’ आली. झोपडीला ‘पट्टी’ जोडली, की माणसाचं घर दिसेनासं होतं आणि नाल्याच्या, रुळाच्या, रस्त्याच्या कडेचा एक लांबट तुकडा दिसू लागतो. सरकारी मराठीनं त्यापुढं जाऊन ‘स्लम’ला ‘गलिच्छ वस्ती’ म्हटलं. ज्या वस्तीला नळ दिला नाही, गटार दिलं नाही, कचरा उचलायला गाडी पाठवली नाही, तिलाच गलिच्छ म्हणायचं! कसूर न देणाऱ्याची आणि विशेषण राहणाऱ्याला. महाराष्ट्राचा १९७१ चा झोपडपट्टी कायदा सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असे तीन शब्द नावातच घेऊन आला. त्यातल्या मधल्या शब्दाची धास्ती पहिल्या शब्दाच्या आशेहून मोठी ठरली. १९८१ साली घातक कृत्यांना आळा घालणारा कायदा झाला, त्यात ‘झोपडपट्टीदादा’ ही संज्ञा हातभट्टीवाल्यांच्या शेजारी बसली. दादागिरी करणारे सगळीकडे असतात. कायद्यात पत्ता लिहिला गेला तो झोपडपट्टीचाच.

इथं कुणी म्हणेल, शब्द बदलून छप्पर गळायचं थांबतं का? नाही थांबत. टपरियाला कुटी म्हटल्यानं पन्नीखालची उकाड्याची दुपार सोसवत नाही, की रात्री बाईला आडोसा मिळत नाही. गरिबीचं कौतुक करायची माझी इच्छा नाही. पण घर ‘कच्चं’ की ‘पक्कं’ हे आपण भिंतीवरून ठरवतो असं मानतो, ते खरं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, ती बहुतेक दगडमातीच्या रुंद भिंतींच्या आणि मातीनं जड झालेल्या माळवदांच्या घरांत. पिढ्यान् पिढ्या ती पक्की घरं समजली गेली होती. हलक्या कुडाच्या खोपटांनी माणसं तशी गाडली नाहीत. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरलं, तेव्हा आसपासच्या खेड्यांत पडल्या त्या मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची जड कौलं. बांबू आणि कूड हे अडाणीपण नाही, ती पाऊस आणि जमीन ओळखून केलेली कारागिरी आहे. तिला हवी असते दुरुस्तीची ऐपत आणि उद्या इथंच राहू याची खात्री.

ही खात्रीच सगळ्याच्या मुळाशी आहे. सेवाग्रामची बापूकुटी पाहा. माती, बांबू, कौलं. हाताशी असलेल्या सामानातून बांधलेली. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला, तेव्हा शेगाव म्हणवणाऱ्या या गावात राहायला आले. त्या कुटीत आजही आपण चपला काढून, आवाज खाली करून शिरतो. भिंत नाल्याकाठच्या बाईच्या भिंतीसारखीच सारवलेली आहे. फक्त ती उद्या कुणी पाडणार नाही, याची सगळ्यांना खात्री आहे.

आणि सदरचा बंगला? उत्तर भारतातल्या छावण्यांमधल्या बंगल्यांच्या जागा ज्या अटींवर दिल्या गेल्या, त्यांना ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात. गव्हर्नर जनरलच्या १८३६ च्या हुकुमापासून त्या चालत आल्या. जमीन सरकारची, वरचं बांधकाम तेवढं राहणाऱ्याचं. महिन्याची नोटीस आणि बांधकामाची किंमत देऊन सरकार जागा परत घेऊ शकतं. अशा बंगल्यात राहणारा माणूसही परक्या जमिनीवर राहतो आणि भिंतीपलीकडची बाईही. त्याच्यापाशी कागद आहे, म्हणून त्याचं घर ‘वारसा’. तिच्यापाशी नाही, म्हणून तिचं ‘अतिक्रमण’. मध्य प्रदेशानं १९८४ साली कायदा करून १० एप्रिल १९८४ पर्यंत शहरांत वसलेल्या भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे, म्हणजे हक्काचे कागद, देऊ केले, आणि पुढल्या वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांबाबत सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. ज्याच्या हातात पट्टा येतो तो आधी विटा आणतो. उद्या कुणी पाडणार नाही, हे कळल्यावर माणूस आपल्या हातानं घर पक्कं करतो.

‘सदर’ हा शब्दही असाच वर चढलेला आहे. अरबीत त्याचा अर्थ छाती, अग्रभाग. आपल्या वाड्यात कारभार चालतो ती सदर, छावणीतला मुख्य बाजार तो सदर बाजार. मानाची जागा कुठं, हे सत्ता ठरवते आणि शब्द तिच्यामागं जातात. बंगाली शेतकऱ्याच्या झोपडीचं नाव साहेबाच्या घराला शोभून दिसलं, ते ती झोपडी सुंदर झाली म्हणून नाही. तिच्यात राहणाऱ्याला नोटीस आणि किंमत दिल्याशिवाय कुणी उठवू शकत नव्हतं म्हणून.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. आपल्या शहरातल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीला तिचं स्वतःचं नाव असतं, तिथल्या माणसांनी ठेवलेलं. ते विचारा आणि वापरा. गलिच्छ म्हणण्याआधी तिथं नळ किती आहेत ते मोजा. सुधारणेची योजना आली, की आधी पट्टा कुणाच्या नावे होणार ते विचारा. सदरच्या नाल्याकाठची ती बाई ज्या दिवशी “टपरिया है” ऐवजी “घर है” म्हणेल, त्या दिवशी तिच्या भिंती कदाचित बांबूच्याच असतील. फक्त त्या जागेचा कागद तिच्या नावावर असेल.