दुखत नाही म्हणणाऱ्याचे काय?

रविवारी मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात उभे राहिलो की कुणी ना कुणी विचारते, "तू हॉस्पिटलात नक्की काय काम करतोस?" मी डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, वॉर्डबॉयही नाही. मी हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे. पायाचे कॅलिपर, हातापायाचे स्प्लिंट, कमरेचे पट्टे आणि खास चपला-बूट आम्ही बनवतो. औषधाच्या दुकानात मिळणारा पट्टा कुणालाही बसतो. आमच्याकडची वस्तू मात्र एकाच माणसासाठी असते. ती दुसऱ्याला देता येत नाही.

काम असे चालते. पायावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळायची. ती वाळून कडक झाली की कापून काढायची. त्या पोकळ साच्यात प्लास्टर कालवून ओतले की त्या माणसाचा पाय जणू आमच्या टेबलावर उभा राहतो. मग तो कानशीने घासायचा. जिथे शरीराला दाब सोसतो तिथे थोडे खरवडायचे. जिथे हाड वर आलेले असते, उदाहरणार्थ घोट्यापाशी, तिथे उलट प्लास्टर चढवायचे. भट्टीत मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर ओढून बसवला की हाडापुरती जागा आपोआप सुटते. आधार द्यायचा, पण दुखऱ्या भागाला जागा सोडायची, हे आमच्या कामाचे सार.

आपल्या राज्यात हे काम जुने आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली जखमी सैनिकांसाठी सुरू झाले, तर मुंबईला हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ साली. एके काळी अशा वर्कशॉपांत पोलिओ झालेल्या मुलांची रांग असे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आता रांगेत अर्धांगवायूचे, मधुमेहाचे रुग्ण असतात, जन्मतः वाकड्या पावलांची बाळे असतात. आणि अजूनही कुष्ठरोगातून बरे झालेली माणसे असतात.

कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी आमच्या वडीलधाऱ्या कारागिरांनी एक नियम सांगितला होता, "रुग्णाचे ऐकायचे. तुझे माप बरोबर, साचा बरोबर, आणि तरी बाई म्हणते 'टोचतंय', तर बाई बरोबर." हा नियम मी पाळत आलो. पण तो अर्धाच आहे, हे मला कापडे गावच्या एका काकांनी शिकवले.

कापडे हे रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यातले गाव. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा डोंगराळ मुलूख. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री याच तालुक्यातून महाडकडे जाते. भात-नाचणीची शेती, आणि बहुतेक घरांतले कुणी ना कुणी मुंबईला नोकरीला. काकांचा पुतण्याही मुंबईत. त्याच्याच खोलीवर उतरून काका आमच्याकडे आले. तरुणपणी त्यांना कुष्ठरोग झाला होता. औषधांचा पूर्ण कोर्स करून ते कधीच बरे झाले होते. पण रोगाने मज्जातंतूंचे जे नुकसान करायचे ते आधीच केले होते. दोन्ही तळवे बधिर होते.

अशा पायांसाठी एमसीआर चपला असतात. आतला थर मऊ, सूक्ष्म पोकळ्यांच्या रबराचा, आणि खालचा तळ कडक, म्हणजे काटा किंवा खडा आत शिरू नये. मी त्यांच्या पावलाचा ठसा घेतला, चपला केल्या, पायात घातल्या. विचारले, "काका, कुठे दुखतं का?"

"नाय साहेब. झकास."

मी कागदावर 'फिटिंग समाधानकारक' असे लिहिले आणि सही केली.

गणपती झाल्यावर पुतण्या त्यांना पुन्हा घेऊन आला. पावसात चपलेचा पट्टा सुटला होता. काकांनी तो बाजारातल्या चांभाराकडून खिळा ठोकून घेतला. चालता चालता खिळ्याचे टोक वर आले आणि काका त्यावर कितीतरी दिवस चालत राहिले. त्यांना कळलेच नाही. सुनेने सारवलेल्या ओटीवर रक्ताचे ठसे पाहिले, तेव्हा घरात समजले. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. एक बोट काढावे लागले.

प्रिय वाचकहो, यात दोष कुणाचा? चांभाराने चप्पल प्रामाणिकपणे दुरुस्त केली होती. काकांना वेदना कळत नव्हत्या, तर ते तक्रार कशी करणार? आणि मी? माझे माप बरोबर होते, कागद बरोबर होते. कुणी चौकशी केली असती तर मी निर्दोष सुटलो असतो. पण आम्ही या चपलांना कधीच खिळा मारत नाही, फक्त चिकटवतो आणि शिवतो. तो का मारायचा नाही हे मला ठाऊक होते, आणि मी ते त्यांना सांगितले नव्हते. मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर करायचे राहून गेलेल्या गोष्टींचीही कबुली देतो. कित्येक वर्षे मी ते म्हणत होतो. त्या दिवसानंतर म्हणताना माझ्यासमोर एक विशिष्ट पाऊल येते.

त्याहून मोठी चूक माझ्या प्रश्नात होती. ज्याला दुखणे कळतच नाही त्याला मी विचारले, "दुखतं का?" आणि त्याच्या उत्तरावर निर्धास्त झालो.

वेलोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हे फार पूर्वी दाखवून दिले होते. कुष्ठरोगाने बोटे आपोआप सडून गळतात, असे लोक मानत. १९४६ साली वेलोरला आलेल्या ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहिले आणि निराळेच कारण सांगितले. संवेदना गेल्यामुळे माणसाला भाजलेले, कापलेले, घासलेले कळत नाही आणि त्या न कळलेल्या जखमांनी अवयव झडतात. म्हणूनच ते वेदनेला देणगी म्हणत. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या संत डेमियन यांनाही स्वतःचा आजार असाच समजला. १८८४ साली एकदा त्यांनी कढत पाण्यात पाय घातला. पाय भाजला, पण त्यांना काहीच जाणवले नाही.

वेदना ही हाक आहे. ती ऐकू आली की निदान आपले काम काय हे तरी कळते. पण ज्याची हाक बंद पडली आहे त्याचे काय? माझे उत्तर असे आहे: त्याने मागितले नाही म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. ज्याला दुखते त्याचे ऐकावे. ज्याला दुखत नाही त्याच्याकडे पाहावे.

यावर आमच्याच वर्कशॉपमध्ये एका सहकाऱ्याने हरकत घेतली. तो म्हणाला, "दिवसाला एवढे पेशंट. प्रत्येकाच्या घरी जाऊन पाय बघणार का? आणि तो शहाणासुरता माणूस आहे. त्याच्या आयुष्यात आपण किती लुडबुड करायची?" हरकत खोटी नाही. लोकांचे भले करण्याच्या नावाखाली त्यांच्यावर हुकूम चालवणारे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

काकांनीही मला हेच ऐकवले. मी म्हटले, "काका, अनवाणी शेतात जायचं नाही." ते हसले. "साहेब, लावणीच्या चिखलात चप्पल कोण घालतं? ती तिथंच रुतून बसंल. आणि शेतात नाय गेलो तर खायचं काय?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. चिखलाचे गणित माझ्या साच्यात नव्हतेच. पाहणे म्हणजे दुसऱ्याच्या वतीने ठरवणे नव्हे, हे मला तेव्हा उमगले.

मग आम्ही दोघांनी बसून मार्ग काढला. बांधापर्यंत चप्पल घालायची. चिखलातून आल्यावर संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, पुसायचे, तेल लावायचे. डोळे अधू झाल्यामुळे काकांना तळवा नीट दिसत नाही, म्हणून काकूंनी दिव्याखाली तो पाहायचा. पट्टा तुटला तर खिळा नको. शिवून घ्यायचा, नाहीतर पुतण्याबरोबर चप्पल आमच्याकडे पाठवायची. काकूंनी फक्त एवढेच विचारले, "रोज बघायचं?" म्हटले, "रोज." त्या म्हणाल्या, "बघीन."

आता आमच्याकडे बधिर पायाच्या रुग्णाला नवी चप्पल घातली की थोडा वेळ चालायला लावतो. मग ती काढून आपल्या डोळ्यांनी तळवा पाहतो. लाली दिसली तर थांबतो. अर्ध्या तासाने ती गेली नसेल तर चप्पल पुन्हा टेबलावर येते, रुग्ण कितीही "झकास" म्हणाला तरी. यात पंचेचाळीस मिनिटे जातात. बाहेर रांग कुरकुरते. सगळ्यांना पुरेसा वेळ देता येतो असा माझा दावा नाही. पण सही करण्याआधी मी पाहिले आहे, एवढे मला म्हणता येते.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रस्त्यात पडलेला तो माणूस अर्धमेला होता. त्याने हाक मारल्याचा उल्लेख गोष्टीत नाही. शोमरोन्याने त्याला पाहिले आणि तो जवळ गेला. शिवाय खाणावळवाल्याला सांगून गेला की मी परत येईन. पाहणे आणि परत येणे, या दोन गोष्टींना कसलेही विशेष शिक्षण लागत नाही.

आपल्या घरांतही असे पाय आहेत. मधुमेहाने अनेकांचे तळवे हळूहळू बधिर होतात आणि ते म्हणतात, "मला काही होत नाही." आज घरी गेल्यावर आपल्या आईचे, वडिलांचे, शेजारच्या एकट्या आजोबांचे तळवे उजेडात एकदा नीट पाहा. बोटांच्या बेचक्यांतही पाहा. जखम दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात न्या.

कापड्याचे काका मधूनमधून येतात. अलीकडे मी काही विचारण्याआधीच ते स्टुलावर पाय ठेवतात आणि म्हणतात, "बघा साहेब."