हौसेला कंपनीचं नाव नको

मंगळवारी 14 ऑक्टोबर 2025 उलटला आणि नागपूरच्या प्रताप नगरात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य आलं : "कंपनीनंच बंद केलं, आता आपण काय करणार?" दिवाळीची साफसफाई चाललीच होती, त्यात हे निमित्त मिळालं. माटे चौकाकडून त्रिमूर्ती नगरकडे जाताना कबाडीवाल्यांच्या हातगाड्यांवर रद्दीच्या गठ्ठ्यांवर आडवे टाकलेले कॉम्प्युटरचे डबे दिसतात. एका डब्यावर हळदीकुंकवाची बोटं अजून ताजी होती. 2 ऑक्टोबरला दसरा झाला. यंत्र म्हणून त्याची पूजा केली आणि दिवाळीच्या आत त्याला किलोच्या भावानं काढलं. मला याची चीड येते.

काय बंद झालं, ते आधी नीट पाहू. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. मशीन थांबलं नाही. बुधवारी सकाळी ते मंगळवारसारखंच सुरू झालं. अपडेटशिवाय इंटरनेटवर वावरणं धोक्याचं आहे, आणि हा धोका जसजसे दिवस जातील तसतसा वाढणार आहे. पण त्याच कंपनीनं घरगुती ग्राहकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत. आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्याशी जोडून ठेवल्या तर त्यासाठी पैसेही पडत नाहीत. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर त्याची नोंदणी होते. ज्यांनी डबा गाडीवर टाकला, त्यांतल्या किती जणांनी ते पान उघडून पाहिलं?

'कंपनीनंच बंद केलं' हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे, तेही पाहायला हवं. ज्यांनी वर्षानुवर्षं 'रीस्टार्ट नंतर करा' हे बटण दाबून प्रत्येक अपडेट पुढे ढकलला, त्यांना आता अपडेटची काळजी लागली आहे. ज्यांच्या मशीनवर दुकानातल्या पोरानं पेन ड्राइव्हमधून चोरीचं विंडोज घातलं, ज्यांनी कंपनीला कधी एक रुपया दिला नाही, ते आज कंपनीची आज्ञा मोडवत नाही म्हणून नवीन मशीन घेत आहेत. बँकेचा पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणारा माणूस मला सुरक्षिततेवर व्याख्यान देतो. 35-40 हजारांचा निर्णय आपण घ्यायचा आणि सही कंपनीची दाखवायची, हा खोटेपणा आहे. मुलाचं इंजिनिअरिंग, बिनव्याजी हप्ते, ही कारणंही ऐकली. त्यांच्यावर शाई घालवावी असं मला वाटत नाही.

झाकण उघडा, असं मी या जागेवरून मिक्सरबद्दल लिहिलं होतं, पंख्याबद्दल लिहिलं होतं. कॉम्प्युटरबद्दलही तेच लिहितो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं मशीन पाच-पाच मिनिटं अडून बसायचं. दुकानातून उत्तर आलं, "काकू, कायले जुन्यात पैसे टाकता? प्रोसेसरच गेला आता." आम्ही चार स्क्रू काढून झाकण उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या जाळीत धुळीचा नमदा बसला होता. पंखा उचलला तर खालच्या थर्मल पेस्टचा चुनखडीसारखा भुगा झालेला. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो. अशा खोलीत ज्याची उष्णता बाहेर पडत नाही, तो प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. त्याला 'गेला' म्हणत नाहीत. जाळी ब्रशनं साफ केली, नवी पेस्ट लावली, आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी दोन-अडीच हजारांत एसएसडी बसवली. आता मशीन मिनिटाच्या आत उघडतं. बाईंना मराठी टायपिंग करायचं असतं, नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असतं आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरायचा असतो. त्यांच्या मशीनचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा आहे, त्यावर विंडोज 11 चढत नाही. एक वर्षाची नोंदणी करून दिली आहे. ते वर्ष संपलं की लिनक्स घालू. सी-डॅकनं 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स कधीच तयार केलेलं आहे आणि केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकत आहेत.

म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. काम काय, ते आधी. अडतंय कुठे, ते नंतर. पैसे शेवटी. आपल्याकडे सुरुवातच हप्ता किती बसेल यापासून होते.

प्रोसेसर बदलावा की सगळंच नवीन जोडावं, याला एक उत्तर नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा बोर्ड असेल, तर जुन्या बाजारातून सातव्या पिढीचा आय-सेव्हन आणून बसवण्यात फारसा अर्थ नाही. विंडोज 11 त्यालाही नाकारतं. आठव्या पिढीच्या प्रोसेसरला खाच तशीच लागते, नावही तेच, एलजीए 1151, पण पिनांची जुळणी बदललेली असल्यानं तो त्या बोर्डावर चालत नाही. तिथे दुरुस्तीचा हट्ट म्हणजे पैसे पाण्यात. एएमडीच्या एएम-4 बोर्डांची गोष्ट वेगळी. 2017 सालच्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट केल्यावर 2020 मध्ये आलेले रायझन 5000 मालिकेचे प्रोसेसर बसतात. तिथे फक्त प्रोसेसर बदलणारा शहाणा. आणि इंटेलच्या आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचं मशीन असूनही 'चालणार नाही' असा संदेश आला असेल, तर पुष्कळदा बायोसमध्ये टीपीएम ही विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय नुसती बंद असते. ती सुरू करायला पाच मिनिटं लागतात.

ज्यांचं पोट टॅलीवर आणि डिजिटल स्वाक्षरीवर आहे, जे व्हिडिओचं संपादन करून घर चालवतात, त्यांनी नवीन घ्यावं आणि मनात किंतु ठेवू नये. पण त्यांनीही बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढंच बदलावं. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट, एसएसडी यांनी काय बिघडवलं आहे? आणि हो, झाकण दुकानातही आपल्यासमोरच उघडायला लावा, काढलेला प्रत्येक भाग परत मागा आणि पक्कं बिल घ्या.

आधी झाकण उघडण्याचा हा हट्ट नुसत्या पैशांसाठी नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठानं 2004 मध्ये हिशेब मांडला होता : त्या काळचा एक डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर घडवायला किमान 240 किलो इंधन, 22 किलो रसायनं आणि दीड हजार किलो पाणी खर्च होतं. आजची यंत्रं वेगळी असली तरी पाणी आणि रसायनं लागतातच. जगात 2022 मध्ये 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम 22 टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्याचं काय होतं, ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्यावर दिसतं. तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणांसाठी सर्किट ॲसिडमध्ये बुडवतात, आणि शिसं-कॅडमियमचा धूर तिथल्या माणसांच्या छातीत जातो. आपली गॅलरी दिवाळीआधी मोकळी झाली, एवढंच आपल्याला दिसतं.

कायदा आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण डबा हातगाडीवर गेला की तो त्या साखळीतून निसटतो. आणि डब्यात हार्ड डिस्क तशीच असते. आधार कार्ड, पॅन कार्ड, सातबारा, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं वजनकाट्यावर जातं. सुरक्षेची काळजी म्हणून मशीन टाकणारे आपलं सगळं घर परक्याच्या हाती देऊन मोकळे होतात.

नवीन घ्यावंसं वाटणं हा गुन्हा नाही. पैसा तुमचा, दिवाळी तुमची. 'मला हवं आहे' असं सरळ म्हणा, कोणी अडवणार नाही. फक्त त्याआधी एकदा झाकण उघडा. तरीही घ्यायचंच ठरलं, तर जुन्यातली हार्ड डिस्क काढून घरात ठेवा, चालतं मशीन शिकणाऱ्या एखाद्या पोराला द्या आणि न चालणारं नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रातच पोचवा. हातगाडीवर टाकू नका.