तात्पुरता कारभार

४ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी एक आशा बोलून दाखवली होती. राज्यातलं सरकार बाजूला सारून तिथला कारभार केंद्राने हाती घेण्याची तरतूद, जिला आज आपण राष्ट्रपती राजवट म्हणतो, घटनेत येऊ घातली होती. सभासद साशंक होते. उद्या कोणी तिचा गैरवापर करणार नाही कशावरून, हा त्यांचा प्रश्न. गैरवापर होणारच नाही, अशी हमी बाबासाहेबांनी दिली नाही. ही कलमं वापरण्याची वेळच येऊ नये, ती कागदावरच पडून राहावीत, एवढी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली.

राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, तोच जून १९५१ मध्ये पंजाबात हे कलम वापरलं गेलं.

केंद्राच्या हाती इतकं बळ देणाऱ्यांना दोष देणं आज सोपं आहे. पण १९४९ च्या त्या ऑगस्टमध्ये फाळणीची जखम ओली होती. हैदराबादची पोलीस कारवाई होऊन वर्षही उलटलं नव्हतं, आणि त्या दिवसांची आठवण मराठवाड्यातल्या घराघरांत अजून आहे. देश एकत्र राहील की नाही, हीच ज्यांची चिंता होती, त्यांनी तराजू दिल्लीकडे झुकता ठेवला. भीती खरी होती. पण भीतीपोटी दिलेला अधिकार भीती सरल्यावर परत मागायला कोणी जात नाही. आणि ज्याला तो मिळालेला असतो, त्याला तो सोयीचा वाटू लागतो.

१९५९ मध्ये केरळातलं नंबुद्रीपादांचं सरकार विधानसभेत बहुमत असताना गेलं. १९७७ मध्ये जनता पक्षाने नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घालवली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी परतफेड म्हणून पुन्हा नऊच घालवली, त्यात महाराष्ट्रातलं पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकारही होतं. दोन्ही वेळचं कारण जवळपास तेच : लोकसभेत मतदारांनी कौल बदलला, सबब राज्यांतली सरकारं जनतेची राहिली नाहीत. पक्ष बदलले, युक्तिवाद तोच राहिला.

याला खीळ बसली ती एका माणसाच्या हट्टामुळे. एप्रिल १९८९ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई सभागृहात बहुमत सिद्ध करायला तयार होते. राज्यपालांना त्याची गरज वाटली नाही. सरकार गेलं. बोम्मई न्यायालयात गेले. मार्च १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, की बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, ते सभागृहात मोजायचं असतं. आणि राजवट लावण्याचा निर्णय न्यायालयाला तपासता येतो. बोम्मईंना खुर्ची काही परत मिळाली नाही, मधल्या काळात निवडणूकही होऊन गेली होती. पण त्यानंतर सरकारं बरखास्त करण्याचा सपाटा ओसरला. कलम मेलं मात्र नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठली, तेव्हा निम्मं राज्य अंथरुणात होतं.

इथवरची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो आणि राज्याच्या बाजूने मान डोलावतो. दिल्ली ऐकत नाही, दिल्ली पैसा अडवते, उपकर लावते आणि त्यातला वाटा राज्यांना देत नाही. या तक्रारींत तथ्य आहे. मला मात्र हल्ली दिल्लीपेक्षा मंत्रालयाकडे पाहावंसं वाटतं.

मुंबई महापालिकेच्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं शहर चालवलं राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाने. पुण्यातही तेच. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असं ७४ वी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरं. पण प्रभागांची संख्या एका सरकारने २३६ केली आणि दुसऱ्याने पुन्हा २२७ वर आणली, हेही खरं. घाई कोणालाच नव्हती. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी आणि परतल्यावर त्याने ती द्यायचं नावच काढू नये, तसं झालं.

गंमत अशी, की राष्ट्रपती राजवटीला तरी वेसण आहे. दोन महिन्यांत संसदेची संमती लागते, दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते, वर्षापुढे न्यायचं तर अटी आणखी कडक होतात आणि तीन वर्षांपुढे जायचं तर घटनाच दुरुस्त करावी लागते. पंजाबसाठी ती केलीही होती. मुंबईच्या प्रशासकाला मुदतवाढीसाठी अशा कुठल्या सभागृहापुढे उभं राहावं लागलं नाही. गोव्याची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास. तिथला हिशेब विचारायला चाळीस आमदार आहेत. मुंबईची वस्ती २०११ च्या जनगणनेतच सव्वा कोटीच्या घरात होती आणि महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींहून मोठं, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त. पण त्या चार वर्षांत हिशेब विचारायला निवडून आलेलं कोणी नव्हतं.

जकातीचंही तसंच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुलुंड, दहिसरचे जकात नाके बंद झाले. शहराचं हक्काचं उत्पन्न गेलं आणि त्याजागी राज्याकडून येणारी भरपाई आली. राज्य आपल्या भरपाईसाठी २०२२ पर्यंत दिल्लीकडे हात पसरत होतं, शहर राज्याकडे.

केंद्र आणि राज्य यांच्यातल्या समतोलाची चर्चा आपण नेहमी दोन मजल्यांची करतो. तिसरा मजला तळाचा, आणि माणसं राहतात तिथे. पाणी, कचरा, गटार, नालेसफाई, सगळं तिथलं. २०२३ मध्ये मुंबईतल्या रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे सहा हजार कोटींची कंत्राटं निघाली, त्यांवरून आरोप-प्रत्यारोपही झाले. पण हे सगळं पत्रकार परिषदांतून आणि विधिमंडळातून. महापालिकेच्या ज्या स्थायी समितीने ते प्रस्ताव कागदोपत्री तपासून मंजूर वा नामंजूर करायचे, ती समितीच तेव्हा अस्तित्वात नव्हती. तिचेही अधिकार प्रशासकाकडेच होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच.